पहिली दहा किलोमीटरची सोशल रन: कोल्हापुरात मागच्या रांगेतून धावणाऱ्यांसाठी

हा लेख पहिल्या तिनात येणाऱ्यांसाठी नाही. ऑफिसच्या किंवा गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली, सगळे 'भरूया की' म्हणाले, पैसे भरून झाले आणि आता तारीख जवळ येतेय तशी धाकधूक वाढतेय, त्यांच्यासाठी आहे. दहा किलोमीटरमध्ये नवख्यांची वाट लागते सातव्या-आठव्या किलोमीटरला, पण ती लावून ठेवलेली असते पहिल्या दोन किलोमीटरमध्येच. खालचं बरंचसं त्या दोन किलोमीटरसाठीच आहे.

आधी अंतर ठरवा

अशा धावांत साधारण ३, ५, १० आणि २१ किलोमीटर असे गट असतात. ३ किलोमीटर म्हणजे पोराबाळांसह सहल. तिथे बऱ्याचदा वेळही मोजत नाहीत. आज ४५ मिनिटं झपझप चालून तुम्हाला धाप लागत नसेल आणि हातात आठ आठवडे असतील, तर १० भरा. चारच आठवडे असतील तर ५ भरा आणि त्यात कमीपणा मानू नका. २१ चा विचार यंदा नको.

फॉर्म भरताना कट-ऑफ टाइम बघा, म्हणजे किती वेळात रेषा ओलांडायची ते. तो दीड तास असेल तर किलोमीटरला ९ मिनिटं मिळतात. सराव केलेल्याला ती पुरतात, नुसतं चालणाऱ्याला पुरत नाहीत. तातडीच्या संपर्कासाठी त्या दिवशी घरी असणाऱ्या माणसाचा नंबर द्या. सोबत धावणाऱ्या मित्राचा देऊन उपयोग काय? त्याचा फोन गाडीच्या डिकीत असतो.

चाळिशी ओलांडली असेल, शुगर-बीपीची गोळी चालू असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा चालताना छातीत दडपल्यासारखं होत असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. आदल्या दिवशी भेटून फायदा नाही.

बूट

खर्च करायचा तो इथेच करा. बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि धावतानाही सुजतात. धावताना घालणार तेच मोजे घालून जा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. रोजच्या मापापेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा लागला तर घ्या. ही जागा नसली की उतारावर नख पुढे आपटत राहतं आणि काळं पडतं. टाच मात्र आत हलता कामा नये. हलत असेल तर लेस सगळ्यात वरच्या भोकातूनही ओवून बांधा.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते, घासली जाते आणि फोड येतो. नवे बूट शर्यतीआधी किमान ४०-५० किलोमीटर वापरलेले असावेत. आणखी एक, आपल्या गावची खास सूचना: शर्यतीच्या आठवड्यात नवी कोल्हापुरी चप्पल घालू नका. ती सुरुवातीला चावतेच, आणि अंगठ्याजवळ सोललेली जागा घेऊन दहा किलोमीटर जाणं जिवावर येतं.

कुठे धावायचं

रंकाळ्याचा काठ सपाट आहे, सुरुवातीला बरा. सहानंतर मात्र चालणाऱ्यांची दाटी होते, चौघे-चौघे हातात हात घालून येतात आणि तुमची लय दर शंभर मीटरला मोडते. जायचं तर साडेपाचलाच. पावसाळ्यात दगडी फरशांवर शेवाळ धरतं, तिथे धावू नका. फेरीचं अंतर ऐकीव धरू नका, फोनवर एकदा मोजून घ्या.

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात झाडी आहे, रहदारी कमी आहे आणि चढ-उतारही आहेत. ते चढ हवेतच, कारण कोल्हापूर वाटतं तेवढं सपाट नाही: नदीकडे जाताना उतार, परत शहराकडे येताना चढ. शर्यतीचा नकाशा जाहीर झाला की तो मार्ग एकदा सायकलवरून किंवा चालत बघून घ्या. गतिरोधक कुठे आहेत, रस्ता कुठे उखडलाय, चढ कितव्या किलोमीटरला येतो, हे आधी माहीत असलं तर निम्मी भीती तिथेच संपते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर धावणार असाल तर सगळ्यात आतल्या लेनमध्ये २५ फेऱ्या म्हणजे १० किलोमीटर. बाहेरच्या लेनमध्ये फेरी ४०० पेक्षा लांब पडते.

रस्त्यावर उजव्या बाजूने धावा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. गळीत हंगामात हे फारच महत्त्वाचं. पहाटे अंधारात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून येतात, मागे दिवा असेलच असं नाही आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर लोंबत असतो. फुलेवाडी, गगनबावडा रस्ता किंवा कागलकडचा हमरस्ता अंधारात टाळाच. पांढरा किंवा पोपटी टी-शर्ट घाला, इअरफोन एकाच कानात ठेवा. कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबा, चालायला लागा.

आठ आठवडे

आठवड्यातून तीन दिवस पुरतात: मंगळवार, गुरुवार, रविवार. रोज धावण्याचा उत्साह दुसऱ्या आठवड्यात नडगीच्या दुखण्यावर संपतो. छाती लवकर तयार होते. हाडं आणि शिरा-स्नायूबंध सावकाश. दम येत नाही म्हणून अंतर वाढवत गेलं की पाय बोलायला लागतात.

मंगळवार-गुरुवारी घड्याळावर धावा. पहिले दोन आठवडे १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं दहा वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात २ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं, बारा वेळा. पाचव्यापासून सातव्यापर्यंत ४ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं, आठ वेळा. रविवारी वेळ नाही, अंतर मोजा: ३, ४, ५, ६, ७, ८ आणि सातव्या रविवारी परत ५ किलोमीटर. आठवा रविवार शर्यतीचा. त्या आठवड्यात मंगळवारी आणि बुधवारी वीस-वीस मिनिटं पाय मोकळे करा, मग विश्रांती.

वेग केवढा? धावता धावता शेजारच्याला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. 'हो', 'नाही' एवढंच निघत असेल तर तुम्ही जोरात धावताय. नवख्यांना हा वेग लाजिरवाणा वाटतो, शेजारून झपाझप चालणारे आजोबा पुढे निघून जातात. जाऊ द्या.

उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवशी दहा मिनिटांचा व्यायाम: पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधराचे दोन संच, बैठका दहाच्या तीन, प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं) २० सेकंद, तीनदा. शर्यतीच्या आठवड्यात मात्र कुणाच्या नादाने तालमीत शंभर बैठका मारू नका. मांड्या भरून येतात आणि दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतं.

रविवार चुकला तर? पुढच्या रविवारी दोन्हीचं अंतर एकदम काढू नका. चुकलेला सोडून द्या.

चालण्याचा हिशेब

दहा किलोमीटर न थांबता धावायचंच, हा हट्ट नवख्यांना सगळ्यात महाग पडतो. आकडे बघा. ४ मिनिटं धावणं किलोमीटरला ७ मिनिटांच्या वेगाने, १ मिनिट झपझप चालणं किलोमीटरला ११ मिनिटांच्या वेगाने. पाच मिनिटांत साधारण ६६० मीटर होतात. हेच शेवटपर्यंत टिकवलं तर १० किलोमीटरला सुमारे साडेपंचाहत्तर मिनिटं लागतात.

आता दुसरा गडी बघा. तो गर्दीबरोबर किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी सुटला. चार किलोमीटर २६ मिनिटांत काढले, तुमच्या चार मिनिटं पुढे गेला. मग दम संपला, उरलेले सहा किलोमीटर ओढत-थांबत किलोमीटरला ९ मिनिटांनी. ही झाली ५४ मिनिटं. एकूण ८० मिनिटं, म्हणजे तुमच्या मागून, आणि तोंड वाकडं करून.

मात्र चालायचं ते दमल्यावर नाही. दमल्यावर चाललं की परत धावायला सुरुवात होत नाही. पहिलं चालणं चौथ्या मिनिटाला, अंगात भरपूर जोर असतानाच. हेच अवघड आहे. सगळे पुढे निघून जातात, ओळखीचं कुणीतरी ओरडतं, 'काय भावा, एवढ्यातच?' तिथे मान खाली घालून घड्याळ बघायचं. चालायला लागताना एकदम उभं राहू नका, मागचा अंगावर येतो. हात वर करा, डाव्या कडेला या, मग वेग कमी करा.

आदला दिवस

किट घ्यायला गेलात की बिबवरचं, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या कागदावरचं, नाव, गट आणि नंबर तिथेच तपासा. बिबच्या मागे पट्टीसारखी टायमिंग चिप असते. ती दुमडू नका, तिच्यातून पिन टोचू नका. बिब छातीवर, चार कोपऱ्यांना चार पिना, वर जॅकेट नाही. पाठीला लावला किंवा कमरेला गुंडाळला तर मॅटवर, म्हणजे चिप वाचणाऱ्या रस्त्यावरच्या पट्ट्यावर, नोंद हुकू शकते आणि मग निकालात तुमचं नाव शोधत बसाल. बिबच्या मागे रक्तगट आणि घरचा नंबर पेनाने लिहा.

किटमधला टी-शर्ट कितीही भारी असला तरी दुसऱ्या दिवशी तो घालू नका. न धुतलेल्या कापडाची शिवण काखेत काचते, हे सहाव्या किलोमीटरला कळून उपयोग नसतो. सरावात घातलेलेच कपडे, तेच मोजे, तेच बूट.

जेवण आठपर्यंत उरका: वरण-भात, दही-भात, एखादी चपाती, साधी भाजी. तांबडा-पांढरा रस्सा त्या रात्री नको. तेल, मटण आणि तिखट पोटात रेंगाळतं, आणि पहाटे पोट बिघडलं तर रांग लावायला मैदानावर मोजकीच शौचालयं असतात. 'एनर्जी पाहिजे' म्हणून दुप्पट भात खायचीही गरज नाही. तासा-सव्वा तासाच्या धावेला रोजचं जेवण पुरतं. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. झोप लागली नाही तर काळजी करू नका, एका रात्रीच्या जागरणाने बिघडत नाही. त्याच्या आदल्या रात्री नीट झोपा.

सकाळ

सुरुवात सहाची असेल तर साडेचारला उठा. उठल्यावर पेलाभर पाणी, एक केळं किंवा गुळाच्या खड्याबरोबर दोन बिस्किटं. रोज चहा घेत असाल तर तो घ्याच, तो चुकला की पोट साफ होत नाही. मांड्यांच्या आत, काखेत, स्तनाग्रांवर आणि बायकांनी स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन चोळा. पुरुषांना हे हसण्यासारखं वाटतं. शेवटच्या रेषेवर पांढऱ्या टी-शर्टवर दोन लाल ठिपके घेऊन येणारे दरवर्षी असतात.

धावेच्या जवळचे रस्ते बंद असतात, तेव्हा गाडी अर्धा-एक किलोमीटर अलीकडेच लावा आणि तेवढं चालत या. तोच तुमचा वॉर्म-अप. व्यासपीठावर झुंबा सुरू असेल, स्पीकर दणाणत असतील. दोन मिनिटं हात-पाय हलवा, हरकत नाही. पंधरा मिनिटं उड्या मारल्या तर पोटऱ्या तिथेच दमतात. घोटे फिरवा, पाय पुढे-मागे झुलवा. थंड पायांना ताण देऊन तसंच धरून ठेवण्याने काही साधत नाही.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे सहाला सुटलेल्यांचा बराचसा मार्ग अंधारात जातो. गर्दीत पुढच्याच्या पायांकडे नाही, त्याच्या पुढच्या रस्त्याकडे बघा. गतिरोधक दिसेपर्यंत वर आलेला असतो.

पहिले दोन किलोमीटर

मागे उभे राहा. अगदी मागे. चिप असेल तर तुमची वेळ तुम्ही मॅट ओलांडल्यावर सुरू होते, त्यामुळे पुढे घुसून मिळत काहीच नाही. पुढे उभं राहिलात तर वेगवान पोरं धक्के देत जातात आणि तुम्हीही नकळत त्यांच्या वेगाने ओढले जाता.

सुटल्यावर पहिली तीन-चार मिनिटं शरीर खोटं बोलतं. श्वास आणि ठोके मागणीएवढे वाढायला वेळ लागतो, त्यामुळे जोरात धावूनही दम जाणवत नाही. त्यात गर्दी आणि घोषणा, आणि चौकात हलगी-घुमकं. हलगी कडाडली की माणसाचा पाय आपोआप तिच्या ठेक्यावर पडतो. तो चौक येण्याआधी घड्याळ बघा, चौक संपल्यावर परत बघा. हात वर करा, हसा, वेग तोच ठेवा. पहिला किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा १५-२० सेकंद हळू आला तर उत्तम.

मधला भाग

पाण्याच्या ठिकाणी पहिल्या टेबलावर झुंबड असते, शेवटच्या टेबलाकडे जा. पेला वरून चिमटीत दाबा म्हणजे चोच होते, वीस पावलं चालत दोन-चार घोट घ्या, पेला डब्यात टाका. धावत प्यायलात तर ठसका लागतो. थंडीत एका ठिकाणी अर्धा पेला पुरे. तहान नसताना प्रत्येक ठिकाणी दोन-दोन पेले रिचवले तर पोट डचमळतं. तळपायाखाली केळ्याच्या साली आणि ओले पेले बघून पाय टाका. डोक्यावर पाणी ओतायचं तर पुढे वाकून ओता, बूट भिजले की फोड आलेच.

मार्ग जाऊन परत यायचा असेल तर वळणावर मॅट असते किंवा हातात रबर बँड देतात. ते चुकवून अलीकडूनच वळलात तर निकाल बाद.

चढावर वेग बघू नका, दम बघा. पावलं आखूड, नजर दहा-पंधरा पावलांवर, हात थोडे जास्त हलवा. उतारावर टाच आपटत लांब ढांगा टाकू नका. गुडघा आणि नख दोन्ही तिथेच जातात.

काय बिघडतं आणि काय करायचं

बरगडीखाली कळ आली: धावण्याच्या थोडंच आधी पोटभर खाल्लं-प्यालं किंवा उथळ श्वास घेत जोरात सुटलात की बहुधा येते. चाला, दुखऱ्या जागी बोटं दाबा, थोडं पुढे वाका, श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा. दोन-तीन मिनिटांत जाते.

पोटरीत गोळा आला: सवयीपेक्षा जास्त जोर लावल्याने दमलेला स्नायू आवळून बसतो. कडेला या, भिंतीला किंवा कठड्याला हात टेकून तो पाय मागे सरळ ठेवा, टाच जमिनीला दाबा, अर्धा मिनिट धरा. मग चालत सुरुवात करा आणि वेग कमीच ठेवा. मिठाचं पाणी प्यायल्याबरोबर गोळा जाईल अशी आशा नको.

फोड येतोय असं जाणवलं की लगेच थांबून मोजा सरळ करा. एक मिनिट जाईल, पुढची तीस वाचतील.

आठव्या किलोमीटरला सगळंच नकोसं होतं. तेव्हा ४-१ चा हिशेब मोडून २-१ करा. दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. मनाने थांबण्यापेक्षा घड्याळाने थांबा. मागून आयोजकांची गाडी येतेय, आपण शेवटचे आहोत, हे बघायला सारखं वळू नका. शेवटी कुणीतरी असतंच आणि स्वयंसेवक त्याच्यासाठी थांबलेले असतात.

छातीत दुखणं, हात-जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं अडखळणं, थंडी वाजून अंगावर काटा येणं: यातलं काहीही झालं तर शर्यत तिथेच संपली. जवळच्या स्वयंसेवकाला सांगा, खाली बसा. 'थोडंच राहिलंय' म्हणून पुढे जाऊ नका. आणि दुखेल या भीतीने सकाळीच वेदनाशामक गोळी घेऊन येऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला त्रास देते.

रेषेनंतर

शेवटच्या दोनशे मीटरला सगळे फोटोसाठी सुसाट सुटतात. पाय आधीच थकलेले असतात, मांडीमागचा स्नायू तिथेच धरतो. वेग वाढवायचा तर हळूहळू. शेवटची मॅट पूर्ण ओलांडल्यावरच घड्याळ बंद करा, आणि लगेच बसू नका. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं आणि चक्कर येते. दहा मिनिटं चालत राहा. अर्ध्या तासात अर्धा लिटर पाणी सावकाश प्या. खूप घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण टाका. अर्ध्या पाकिटाचं अंदाजे मिश्रण करू नका.

आधी केळं, मग मिसळ. धावून आल्याआल्या कट पोटात गेला तर दुपार वाया जाते. तासाभराने खुशाल खा, जादा कटसुद्धा घ्या.

दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं आणि जिना उतरताना कळतं. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर काळजी नाही, रोज वीस मिनिटं चाला. नडगीवर एकाच जागी बोट ठेवल्यावर ठणका लागत असेल तर धावणं बंद आणि डॉक्टर. काळं पडलेलं नख उपटू नका, खालून नवं आलं की ते आपोआप निघतं. बूट मशीनमध्ये टाकू नका; आतली गादी काढा, ओल्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. गुरुवारी ते घालून वीस मिनिटं हळू धावायला जा.